तालमीतून पडद्यावर

आपल्या सातारा-सांगलीकडे गाव तिथे तालीम, आणि तालीम तिथे मारुती. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच मातीतले. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकात त्यांनी कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई खेळांत सुवर्णपदक जिंकले.

पण पैलवानकी ही तरुणपणाची. वय झाले की दम कमी पडतो. मग पुढे काय? आम्ही शाळेत होतो तेव्हा कुस्तीवेड्या पोरांचे बाप हेच विचारीत. त्यांना आम्ही दारासिंगांची गोष्ट सांगत असू.

दारासिंग पंजाबचे, शेतकऱ्याच्या घरचे. जन्म १९२८ सालचा. १९४७ साली ते सिंगापूरला गेले. कारखान्यात काम करायचे आणि कुस्तीचा सराव करायचा, असा त्यांचा क्रम. किंग काँग नावाच्या धिप्पाड मल्लाला त्यांनी हरवले. १९६८ साली मुंबईत ते जगज्जेते झाले.

त्याआधीच सिनेमाने त्यांना बोलावले होते. १९६२ साली ‘किंग काँग’ याच नावाच्या चित्रपटात ते नायक झाले. पुढच्या वर्षी ‘फौलाद’ आला. सिनेमाचे काम सोपे नव्हते. आखाड्यात समोरच्याला खरोखर चीत करायचे. पडद्यावर मात्र त्याला इजा न होता तो चीत झाला असे दाखवायचे. शिवाय हिंदी बोलताना त्यांच्या जिभेवर पंजाबी ढंग येई. तिशी उलटलेल्या पैलवानाला पुन्हा शिकाऊ व्हावे लागले. ते झाले. लाज धरली नाही.

१९७६ साली ‘बजरंगबली’ चित्रपटात ते मारुती झाले. १९८७ साली टीव्हीवरच्या ‘रामायण’ मालिकेतही तेच काम त्यांनी केले. तेव्हा ते साठीच्या जवळ आले होते. तालमीतला देव पैलवानाच्याच रूपाने घरोघरी दिसला!

पुढे १९८९ साली त्यांनी आपली जीवनकथा पंजाबीत लिहिली. दंड थोपटणाऱ्या हाताने लेखणी धरली. २००३ साली ते राज्यसभेत गेले. २०१२ साली मुंबईत वारले.

मंडळी, पहिल्या दिवशी जोर काढले की अंग दुखते. पहिले पान वाचताना डोळे शिणतात. म्हणून कुणी तालीम सोडतो का?