धर्मनिरपेक्षता, भारतीय संविधानातील

राज्यसंस्थेने कोणत्याही धर्माचा अंगीकार न करता सर्वधर्मीय नागरिकांना समान लेखावे, या तत्त्वास धर्मनिरपेक्षता म्हणतात. भारतीय संविधानात हे तत्त्व प्रारंभापासून अनुस्यूत आहे. शब्द मात्र नंतरचा. संविधान सभेत के. टी. शाह यांनी १५ नोव्हेंबर १९४८ रोजी तो पहिल्या अनुच्छेदात घालण्याची सूचना मांडली होती. ती फेटाळली गेली. पुढे ४२ व्या घटनादुरुस्तीने (१९७६) तो उद्देशिकेत समाविष्ट झाला.

या तत्त्वाचा खरा आधार संविधानातील तरतुदींत आहे. अनुच्छेद १५ व १६ यांनी केवळ धर्माच्या कारणावरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे. अनुच्छेद २५ व २६ यांनी व्यक्तीस धर्माचरणाचे व संप्रदायांस आपल्या धार्मिक बाबींच्या व्यवस्थेचे स्वातंत्र्य दिले आहे. विशिष्ट धर्माच्या संवर्धनार्थ कर देण्याची सक्ती करता येत नाही (अनुच्छेद २७) आणि सर्वस्वी राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत सामान्यतः धार्मिक शिक्षण देता येत नाही (अनुच्छेद २८). ब्रिटिश अमदानीतील विभक्त मतदारसंघ जाऊन सर्वांसाठी एकच मतदारयादी आली (अनुच्छेद ३२५).

तथापि राज्य व धर्म यांच्यात संविधानाने अभेद्य भिंत उभारलेली नाही. अस्पृश्यतेसारख्या रूढींना धर्माचाच आधार सांगितला जात असल्याने, राज्य केवळ तटस्थ राहते तर अन्यायास अभय मिळाले असते. म्हणून अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली व अनुच्छेद २५ (२) ने समाजसुधारणेसाठी, तसेच सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करण्यासाठी कायदे करण्यास वाव ठेवला.

यातून एक बिकट प्रश्न उद्भवतो : धर्माचा गाभा कोणता आणि नियमनास पात्र असा ऐहिक व्यवहार कोणता? उडुपी येथील शिरूर मठाच्या खटल्यात (१९५४) सर्वोच्च न्यायालयाने, एखाद्या धर्माचे आवश्यक अंग कोणते हे प्रामुख्याने त्या धर्माच्या शिकवणुकीवरून ठरवावे, असे म्हटले. परंतु हा निर्णय अखेर न्यायालयासच करावा लागत असल्याने न्यायाधीश धर्माचे भाष्यकार बनतात, असा आक्षेप घेतला जातो.

बोम्मई खटल्यात (१९९४) धर्मनिरपेक्षता संविधानाच्या मूलभूत संरचनेचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. उद्देशिकेतील शब्दास आव्हान देणाऱ्या याचिका त्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळल्या. समान आदर व समाजसुधारणा या दोन्ही जबाबदाऱ्या एकाच राज्यसंस्थेवर सोपविणे, हे भारतीय धर्मनिरपेक्षतेचे वैशिष्ट्य होय. तिच्यासंबंधीचे बहुतेक वाद त्यातूनच निर्माण झाले आहेत.