पुढच्या सीटवर कोण बसलंय?

आईचं वजन ४३ किलो. आम्ही न्यू जर्सीला भाचीकडे गेलो होतो तेव्हा तिला गाडीत पुढची सीट हवी असायची, कारण मागून काही दिसत नाही. पुढे बसायची ती सीटच्या अगदी कडेवर, पाय खाली घट्ट रोवून, दारावरचं हँडल दोन्ही हातांनी धरून. गाडी सुरू झाली की डॅशबोर्डच्या मधोमध पिवळी अक्षरं उजळायची, ‘पॅसेंजर एअरबॅग ऑफ’. भाची म्हणायची, “आजी, हँडल सोड गं, मागे सरकून नीट टेकून बस.” आई मागे सरकायची आणि अक्षरं विझायची. तिथल्या एडिसन गावाच्या रस्त्यावर ओळखीची मराठी पाटी दिसली की ती परत पुढे झुकायची आणि अक्षरं परत हजर. तिसऱ्या दिवशी आई वैतागली. “ही गाडी मला माणूस समजत नाही का?”

प्रश्न तिने रागात विचारला होता, पण गाडी ठरवत होती ते नेमकं हेच.

त्या सीटच्या फोमखाली एक पातळ पिशवी असते, आत जेल भरलेलं आणि टोकाला दाब मोजणारा सेन्सर. काही गाड्यांत पिशवीऐवजी सीटच्या पायांपाशी ताण मोजणारे सेन्सर असतात. सीट रिकामी आहे, तिच्यावर लहान मूल आहे की मोठं माणूस, हे गाडीतला संगणक त्या आकड्यांवरून ठरवतो आणि एअरबॅग चालू ठेवायची की बंद याचा निर्णय घेतो. अमेरिकेच्या नियमानुसार या यंत्रणेची परीक्षा पुतळे बसवून घेतात. एक, तीन आणि सहा वर्षांच्या मुलांएवढे पुतळे असतात आणि एक पुतळा लहान चणीच्या बाईचा, सुमारे ४९ किलोचा. मुलांच्या पुतळ्यांसमोरची एअरबॅग बंद व्हायला हवी, बाईच्या पुतळ्यासमोरची चालू राहायला हवी. सहा वर्षांच्या मुलाचा पुतळा साधारण २३ किलोचा. म्हणजे तेवीस आणि एकोणपन्नास यांच्यामध्ये मोठी पोकळी आहे, आणि त्या पोकळीत जगातल्या कितीतरी म्हाताऱ्या आया बसलेल्या आहेत. त्यातच कडेवर बसून पायांवर भार घेतला, हँडलला लोंबकळलं, की सीटवर पडणारं वजन आणखी कमी होतं. आईला गाडी मूल समजत होती.

हा दिवा लावायची वेळ का आली, हे समजून घ्यायला १९५२ सालात जावं लागतं. पेनसिल्व्हेनियात जॉन हेट्रिक नावाचा इंजिनिअर रविवारी बायको आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन गाडीने फिरायला निघाला होता. मुलगी पुढेच, दोघांच्या मध्ये बसलेली. अचानक रस्त्यात अडथळा आला, त्याने गाडी वळवली आणि ती चरात गेली. ब्रेक दाबताना नवरा-बायको दोघांचेही हात आपोआप मुलीच्या पुढे गेले. कुणाला इजा झाली नाही. पण घरी येईपर्यंत त्याच्या डोक्यात एकच विचार होता, की त्या हातांचं काम करणारी एखादी वस्तू गाडीत का असू नये? नौदलात असताना दाबाखालची हवा क्षणात काय करू शकते हे त्याने पाहिलं होतं. ते आठवून त्याने आराखडा काढला आणि १९५३ च्या ऑगस्टमध्ये त्याला पेटंट मिळालं. पेटंटची मुदत संपली तरी त्याची उशी बाजारातल्या गाड्यांत आलेली नव्हती. त्याला त्यातून पैसा मिळाला नाही याचं मला वाईट वाटतं. पण त्याहून वाईट पुढे घडलं.

अचानक ब्रेक लागला की आपलाही डावा हात शेजारच्याच्या छातीपुढे जातो. एअरबॅग म्हणजे तो हात. फक्त तो प्रचंड वेगाने येतो. धडक बसल्यापासून सेकंदाच्या साधारण विसाव्या भागात पिशवी पूर्ण फुगलेली असावी लागते, पापणी लवायच्या आत. चालकाची पिशवी स्टिअरिंगमधून फुगते, शेजारच्याची डॅशबोर्डमधून. डॅशबोर्ड लांब असल्यामुळे ती पिशवीही बरीच मोठी असते. अमेरिकेत एअरबॅगचे नियम बसवले तेव्हा गृहीत धरलं होतं की समोर मध्यम बांध्याचा पुरुष आहे, त्याने बेल्टही लावलेला नाही आणि गाडी ताशी ४८ किलोमीटरने भिंतीवर आदळते आहे. एवढ्या माणसाला थोपवायचं तर पिशवीत जोर लागणारच. तोच जोर सीटच्या कडेवर बसलेल्या, बेल्ट न लावलेल्या, ब्रेक लागताच डॅशबोर्डपाशी फेकल्या गेलेल्या चार वर्षांच्या मुलाच्या मानेवर आला. मागे तोंड करून बसवायच्या तान्ह्या बाळांच्या सीटची पाठ तर पिशवीला जवळजवळ टेकलेलीच असते. १९९० ते २००८ या काळात अमेरिकेत कमी वेगाच्या अपघातांत पुढच्या एअरबॅगमुळेच २९० हून जास्त माणसं गेली. त्यातले बहुतेक चालकाशेजारी बसलेले होते आणि त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं आणि तान्ही बाळं होती. एका बापाच्या पसरलेल्या हातातून सुचलेल्या वस्तूने मुलांचे जीव घेतले, हे लिहितानाही हात जड होतो.

मग धावपळ झाली. पिशव्यांचा जोर कमी केला, सनव्हायझरवर इशारे छापले. १९९८ पासून परवानगी घेऊन एअरबॅग बंद करायचं बटण बसवता येऊ लागलं. २००० सालच्या नियमाने सीटलाच माणूस ओळखायला शिकवलं आणि पिवळ्या अक्षरांचा तो दिवाही सक्तीचा केला. म्हणजे आईच्या डोळ्यांपुढे लागणारी अक्षरं त्या मुलांच्या मरणानंतर आली आहेत. भाचीने हे सांगितलं तेव्हा आई काही बोलली नाही, हँडल सोडून मागे सरकली.

सीटची ही ओळख चुकतेही, हे खरं आहे. २०१६ मध्ये निसानने ३० लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या, कारण मोठं माणूस बसलेलं असताना सीट रिकामी किंवा मूल आहे असं समजून एअरबॅग बंद राहू शकत होती. टोयोटाने २०२३ च्या डिसेंबरात सुमारे ११ लाख गाड्या अशाच सेन्सरसाठी बोलावल्या. २०२४ मध्ये होंडाच्या साडेसात लाख गाड्यांचा दोष उलटा होता, बंद राहायला हवी तेव्हा एअरबॅग चालू राहण्याचा. त्यामुळे तब्येतीने धडधाकट माणूस नीट टेकून बसलेला असूनही दिवा जात नसेल, तर तो माणसाचा नाही, गाडीचा आजार आहे. गाडी दाखवायला न्यावी आणि तोपर्यंत त्या माणसाला मागे बसवावं.

आता आपल्याकडे येऊ. भारतात चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्यासाठी नव्या मॉडेलांना १ एप्रिल २०२१ पासून, आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलांना त्याच वर्षाच्या अखेरपासून. चांगलंच झालं. पण एक गैरसमज मी इतक्या घरांत ऐकला आहे की त्यासाठीच हा लेख लिहायला बसले. शेजारच्या सीटवर मंडईतून आणलेली भाजीची पिशवी ठेवली की गाडी टुंग-टुंग वाजायला लागते. लोकांना वाटतं, सीटला वजन कळतं, म्हणजे लहान मूल बसलं तर ती एअरबॅग आपोआप बंद करेल. तसं होत नाही. आपल्या बहुतेक परवडणाऱ्या गाड्यांत तो सेन्सर फक्त बेल्टची आठवण करून देण्यासाठी असतो. दोन किलो बटाट्यांनाही तो बेल्ट लावायला सांगेल. एअरबॅगशी त्याचं बोलणंच नाही. समोर पैलवान असो की दीड वर्षाचं बाळ, जोराची धडक बसली की पिशवी फुगणार, त्याच ताकदीने.

आपल्याकडे पुढच्या सीटवर मांडीवर मूल घेऊन बसणं हा सहज रिवाज आहे. मूल रडतं, त्याला समोरचं दिसायला हवं असतं, आईला वाटतं माझ्या हातात ते सुरक्षित आहे. २०२४ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात आईच्या मांडीवर बसलेली दोन वर्षांची मुलगी गाडी टँकरला धडकल्यावर एअरबॅगच्या दाबाने गेली. त्याच वर्षी डिसेंबरात नवी मुंबईत वाशीला पुढच्या सीटवरचा सहा वर्षांचा मुलगा एअरबॅग उघडल्यावर गेला. गाडीतल्या बाकीच्यांना किरकोळ दुखापती झाल्या होत्या. हे वाचून कुणीही त्या आईबापांना बोल लावू नये. त्यांना कुणी सांगितलं होतं? गाडी ताब्यात देताना शोरूममध्ये पेढे देतात, हार घालतात, ब्लूटूथ जोडून दाखवतात. पुढच्या सीटवर मूल बसवू नका हे एक वाक्य मला तरी कुणी सांगितलं नाही. सनव्हायझरवर चिकटपट्टी असते, लाल वर्तुळात फुली मारलेली चाइल्ड सीट आणि बारीक इंग्रजी मजकूर. त्यावरचं प्लास्टिकही अनेक घरांत वर्षानुवर्षं काढलेलं नसतं.

काही गाड्यांत शेजारची एअरबॅग बंद करायची सोय असते. शेजारचं दार उघडलं की डॅशबोर्डच्या कडेला किंवा समोरच्या कप्प्यात एक छोटी फिरकी दिसते. किल्लीचं टोक घालून ती ‘ऑफ’वर न्यायची. तेव्हा दिवा लागतो आणि लागलेलाच राहतो, राहायलाच हवा. बाळाची सीट काढली, मावशी पुढे येऊन बसल्या आणि फिरकी तशीच राहिली, तर ते सांगणारं त्या दिव्याशिवाय दुसरं कुणीही गाडीत नसतं. खरं तर बाळाची जागा मागेच. फिरकी आहे ती ज्यांच्या गाडीत मागे सोयच नाही, त्यांच्यासाठी.

या पिवळ्या दिव्याचा एक लाल भाऊ आहे आणि लोक दोघांना एकच समजतात. बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे चेंडूसारखा गोल, असं ते चित्र. किल्ली फिरवल्यावर तो काही सेकंद पेटतो आणि विझतो. ही यंत्रणेची स्वतःची तपासणी. तो विझला नाही, तर यंत्रणेत बिघाड आहे आणि अपघातात एअरबॅग उघडेलच असं नाही. मागच्या दिवाळीत माझ्या गाडीत तो लागला आणि विझेना. घराबरोबर गाडीचीही साफसफाई झाली होती, सीटखाली व्हॅक्युमची नळी फिरली होती. एका सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावून पूर्ण मॉड्यूल बदलायचा खर्च सांगितला. दुसरीकडे एका जुन्या जाणत्या वायरिंगवाल्याने बॅटरीची वायर काढली, दहा मिनिटं थांबला, मग सीटखालचा पिवळा कनेक्टर दाखवला. खाच निसटली होती. त्याने ती साफ करून बसवली, एरर पुसला, दिवा गेला.

पिवळा रंग तिथे मुद्दाम असतो, म्हणजे हात लावण्याआधी थांबा. एअरबॅग फुगवणाऱ्या काडतुसाचा विद्युत रोध जेमतेम दोनेक ओहम असतो आणि संगणक तो सतत तपासत राहतो. कनेक्टर सैल झाला, पावसाळ्यात गंज धरला, सीट मागेपुढे करताना वायर ओढली गेली, की आकडा बदलतो आणि दिवा लागतो. कोकणातल्या दमट हवेत, समुद्राकाठी राहणाऱ्यांना हे लवकर भेटतं. वायरिंगवाला बॅटरी काढून थांबला ते साठलेली वीज उतरावी म्हणून. त्यामुळे हा घरी करायचा उद्योग नव्हे.

हेच दोन ओहम ठाऊक असलेले काही लोक वेगळा धंदा करतात. एअरबॅग एकदा उघडली की बदलावी लागते आणि ती महाग असते. मग कनेक्टरमध्ये काही रुपयांचा रेझिस्टर घालतात. संगणकाला वाटतं पिशवी जागेवर आहे, दिवा शांत होतो, डॅशबोर्डचं झाकण चिकटवतात आणि गाडी विकायला उभी राहते. काही जण दिवाच काढून टाकतात. जुनी गाडी घेणाऱ्यांनी म्हणून किल्ली फिरवताना हे चित्र पेटून मग विझतं ना, हे पाहावं. अजिबातच न पेटणारा दिवा न विझणाऱ्या दिव्याइतकाच वाईट. रेझिस्टर मात्र नुसत्या नजरेला दिसणार नाही, त्यासाठी डॅशबोर्ड उघडून बघणारा विश्वासू मेकॅनिक लागतो.

बेल्टची टुंग-टुंग गप्प करणाऱ्या क्लिपा हा त्याच जातीचा प्रकार. बकलमध्ये क्लिप खुपसली की गाडी समजते बेल्ट लावला आहे. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर गाडीच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागे बसले होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर या क्लिपांची चर्चा झाली. २०२३ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांना त्या विकायला मनाई केली. तोवर १३ हजारांवर जाहिराती उतरवाव्या लागल्या होत्या. एवढं मोठं गिऱ्हाईक होतं. एअरबॅगच्या इंग्रजी नावातच ती ‘पूरक’ आहे असं म्हटलेलं असतं. बेल्ट माणसाला मागे धरून ठेवतो म्हणून पिशवी फुगायला जागा मिळते. बेल्ट नसेल तर ब्रेक लागताच माणूस पुढे सरकतो आणि फुगत्या पिशवीलाच जाऊन भिडतो. काही गाड्यांत तर बेल्ट लावला आहे की नाही यावर पिशवी कधी उघडायची हे ठरतं. क्लिप लावलेल्या गाडीत तो हिशेबच खोट्या माहितीवर होतो.

दसऱ्याला गाडीची पूजा होते, फुलं वाहतात, आणि डॅशबोर्डवर गणपती बसतो. तो कुठे बसवायचा हे माझ्या मते घरातल्या सगळ्यांनी एकदा ठरवायला हवं. शेजारच्या बाजूला डॅशबोर्डवर एअरबॅग असं कोरलेलं असतं, ते झाकण फाटूनच पिशवी बाहेर येते. तिथे चिकटवलेली पितळेची मूर्ती त्या वेगाने समोरच्याच्या तोंडावर येईल. बाप्पाला मधोमध, खालच्या खणात छान जागा मिळते. सीटकव्हरचंही तसंच. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर तिथे शिवण उसवेल असंच कव्हर घ्यायचं, जाडजूड घट्ट नाही.

आई आता पुण्यात माझ्या गाडीत मागे बसते, डावीकडे, बेल्ट लावून. मागून काही दिसत नाही ही तक्रार कायम आहे, म्हणून आम्ही पुढच्या सीटचा डोक्यामागचा टेकू काढता येतो का ते पाहिलं. सीट रिकामी असेल तेव्हा येतो. शेजारी कुणी बसणार नसेल तर मी तो आधी काढून ठेवते, मग आईला समोरचा रस्ता दिसतो आणि ती मागूनच सांगते, “डावीकडे घे, पुढे सिग्नल आहे.”