विश्लेषण : जुन्या ट्रकच्या गिअर बॉक्सची गळती नेमकी कुठून? थेंब पडतो तिथेच दोष असेल असे नाही!

रात्रभर उभा असलेला ट्रक सकाळी पुढे घेतला, की जमिनीवर पंजाएवढा तेलकट डाग दिसतो. ‘जुनी गाडी आहे, थोडे तेल टाकणारच,’ असे म्हणून चालक निघतो. महिन्याभराने खंबाटकी किंवा कसारा घाटात भरलेली गाडी गिअर घेताना कुरकुरू लागते, तेव्हा तो डाग आठवतो. बहुतेक जुन्या ट्रकमध्ये गिअर बॉक्समधील तेल कमी झाल्याचे सांगणारा दिवा डॅशबोर्डवर नसतो. जमिनीवरचा डाग हीच पहिली सूचना असते.

थोड्या गळतीने इतका काय फरक पडतो?

साधारण २० थेंबांचे १ मिलिलिटर धरले, तर मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला ७२ मिलिलिटर आणि महिन्याला दोन लिटरहून अधिक तेल जाते. तेल घटले की गिअर आणि बेअरिंग कोरडे पडतात, तापतात आणि झिजतात. वेळेत बदललेले ऑइल सील स्वस्तात पडते. गिअर बॉक्सचे काम निघाले, तर खर्चासोबत गाडीही काही दिवस उभी राहते आणि बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही.

गळणारे तेल गिअर बॉक्सचेच, हे कसे ओळखायचे?

रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरावा आणि त्यावर गिअर बॉक्सची जागा पेनाने खुणावावी. सकाळी रंग, वास आणि जागा तपासावी.

• गिअर ऑइल : घट्ट, पिवळसर ते तपकिरी, गंधकासारखा उग्र वास.
• इंजिन ऑइल : डिझेल गाडीत काळेकुट्ट आणि तुलनेने पातळ.
• क्लचचे ऑइल : अगदी पातळ, फिकट, रंगावर पडल्यास रंग सुटतो.
• पॉवर स्टीअरिंगचे ऑइल : अनेक गाड्यांत लालसर.

ऑटोमॅटिक गिअर बॉक्सचे तेलही सहसा लाल असते, पण आपल्याकडचे जुने ट्रक बहुतांश हाताने गिअर टाकण्याचे आहेत.

डाग एका जागी, दोष दुसऱ्या जागी, असे का होते?

धावत्या गाडीत वाऱ्यामुळे तेल मागे ढकलले जाते, वजनाने खाली ओघळते आणि सर्वांत खालच्या बोल्टवरून टपकते. म्हणून सर्वांत ओली जागा नव्हे, तर सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधायची.

त्यासाठी आधी गिअर बॉक्स धुऊन पूर्ण कोरडा करावा. चिखल आणि जुन्या तेलाच्या थरात काहीच कळत नाही. कोरड्या भागावर टाल्कम पावडर भुरभुरावी, १५-२० किलोमीटर गाडी चालवावी आणि बॅटरीच्या उजेडात पाहावे. तेल निघाले तिथून पावडरवर ओली रेघ उमटते. उभ्या गाडीतही गळत असेल, तर दोष तेलाच्या पातळीच्या खाली असण्याची शक्यता जास्त. फक्त चालवल्यावर गळत असेल, तर वरचा भाग किंवा फिरत्या शाफ्टचे सील तपासावे.

सगळ्यात आधी काय तपासावे?

ब्रीदर. गिअर बॉक्सच्या वरच्या बाजूला असलेली ही छोटी टोपी आतली तापलेली हवा बाहेर सोडते. ती चिखलाने बुजली, की आत दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर येते. ब्रीदर साफ न करता सील बदलले, तर नवे सीलही गळू शकते. साफसफाईला खर्च जवळपास शून्य.

त्यानंतर कुठे पाहावे?

• मागचे सील : प्रॉपेलर शाफ्टचा फ्लँज हाताने वर-खाली हलवून पाहावा. ढिलाई जाणवली तर बेअरिंग झिजलेले असू शकते. तिथे नुसते सील टिकत नाही. फ्लँजवर सीलची खाच पडली असेल, तरीही तेच होते.
• बेल हाउसिंगचा तळ : इथून इंजिनाच्या मागच्या सीलचे किंवा गिअर बॉक्सच्या पुढच्या सीलचे तेल येते. रंग-वासावरून फरक कळतो. पुढच्या सीलसाठी बहुतेक गाड्यांत गिअर बॉक्स उतरवावा लागतो. तेव्हाच क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनाचे मागचे सील पाहून घ्यावे, म्हणजे मजुरी दोनदा पडत नाही.
• टॉप कव्हरचे पॅकिंग, स्पीडोमीटर केबलची जागा, ड्रेन प्लगचा वॉशर.
• टिपर असल्यास पीटीओ : हौदा उचलणाऱ्या पंपाचे सील गेले, तर काही रचनांत हायड्रॉलिक ऑइल गिअर बॉक्समध्ये शिरते. मग तेल घटण्याऐवजी वाढते आणि बाहेर येते.

तेल किती आणि कोणते टाकावे?

गाडी सपाट जागेवर, गिअर बॉक्स थंड असताना बाजूचा लेव्हल प्लग उघडावा. तेल सहसा छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत हवे. जास्त भरले तरी गळते. ग्रेड कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच घ्यावी. जीएल-४ सांगितलेल्या गिअर बॉक्समध्ये जीएल-५ टाकल्यास पितळी सिंक्रो रिंगला अपाय होऊ शकतो. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक लेप असणे नेहमीचे. धातूचे तुकडे दिसले, तर दुखणे सीलपुरते राहिलेले नाही.

गाडी कधी चालवू नये?

तेल क्लच प्लेटवर गेले, की चढाला इंजिन ओरडते, पण गाडी ओढत नाही. उतारावर गिअरमध्ये गाडी रोखून धरण्याची ताकदही कमी होते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. बेल हाउसिंगमधून गळती आणि क्लच घसरणे ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर घाट चढू नये.

तपासणी करतानाही घाई नको. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचे नाही. गॅरेजमध्ये गेल्यावर ‘सील बदला’ म्हणण्याआधी मिस्त्रींना एवढेच विचारावे : ‘सील गेले कशामुळे?’ उत्तर मिळाले, तर हे काम पुन्हा निघण्याची शक्यता कमी.