‘तेल’, ‘गाळणी’ आणि ‘बदलणे’ : अवजड वाहनांच्या देखभालीतील अर्थविचार

बस, अग्निशामक बंब, मालमोटारी इत्यादी अवजड वाहनांच्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल व गाळणी बदलण्याची क्रिया वर्णनात अगदी साधी दिसते. खालचे बूच काढावे, जुने तेल निथळू द्यावे, गाळणी बदलावी, नवे तेल भरावे. या वाक्यांतील एकही शब्द अपरिचित नाही; आणि अडचणीचे मूळ नेमके तेथेच आहे.

यंत्राचे ‘तेल’ म्हटले की मराठी मनाला वंगणाचा बोध होतो. स्वयंचलित गिअरबॉक्समधील द्रव वंगणाचे काम करतोच. परंतु टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाने फिरविलेल्या पात्यांच्या चक्राकडून समोरच्या चक्राकडे शक्तीचे वहनही तोच करतो. त्याच्याच दाबाने क्लचच्या चकत्या आवळल्या जाऊन गिअर पडतो, आणि निर्माण झालेली उष्णता कूलरपर्यंत तोच वाहून नेतो. चकत्यांनी किती घसरावे, हेदेखील त्यात मिसळलेल्या घर्षणनियामक पदार्थांवर अवलंबून असते. (एके काळी अमेरिकेत या कामी स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल वापरीत.) ‘गिअर ऑईल’ हा कारागिरांचा रूढ शब्द तर येथे अधिकच फसवा होय, कारण त्याने हातगिअरच्या पेटीतील दाट तेल सूचित होते, आणि ते या यंत्रात सर्वस्वी निरुपयोगी आहे.

‘बदलणे’ या क्रियापदाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. कपडे बदलले म्हणजे जुने सर्व गेले, नवे आले. गिअरबॉक्सच्या बाबतीत असे घडत नाही. अ‍ॅलिसन कंपनीच्या ३००० मालिकेतील खोल तळपात्राच्या गिअरबॉक्समध्ये प्रथम भरतेवेळी सुमारे २७ लिटर द्रव लागतो. पुढे बूच काढून व फिल्टर बदलून नवा द्रव भरावयाचा, तो मात्र सुमारे १८ लिटर. उरलेला एक-तृतीयांश कन्व्हर्टर, कूलर व वाहिन्या यांत तसाच राहतो. ‘बदलणे’ या शब्दावर भिस्त ठेवून कोणी २७ लिटर ओतले, तर फिरते भाग जादा द्रव घुसळून काढतात, फेस होतो, दाब ढळतो आणि उष्णता वाढते. या क्रियेला ‘फेरभरणी’ म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. संस्कृतातून घडविलेला एखादा भारदस्त शब्द कारखान्याचे दार ओलांडील असे वाटत नाही. ‘फेरतपासणी’ मात्र तेथे केव्हाच रुळली आहे.

‘गाळणी’विषयी थोडक्यात सांगता येईल. या मालिकेत तळाशी दोन झाकणांमागे दोन फिल्टर असतात. प्रत्येक झाकणाला सहा बोल्ट असून ते ५१ ते ६१ न्यूटन-मीटर इतके आवळावयाचे असतात; झाकणांची गॅस्केट व रबरी कडी पुन्हा वापरावयाची नसतात. याखेरीज पंपाकडे जाणाऱ्या मार्गावर आत एक जाळी असते. ती नेहमीच्या देखभालीत काढीत नाहीत. ‘गाळणी’ या एका शब्दात दोन्ही वस्तू सामावतात. म्हणून बदलावयाचे ते ‘फिल्टर’ आणि आत राहावयाची ती ‘जाळी’ असा भेद पाळणे इष्ट.

सर्वाधिक घोटाळा होतो तो पातळी पाहताना. इंजिनाचे तेल इंजिन बंद करून पाहतात. हा द्रव मात्र वाहन सपाट जागी, न्यूट्रलमध्ये ठेवून व इंजिन मंद गतीने चालू असतानाच पाहावयाचा असतो. पट्टीवर ‘थंड’ आणि ‘गरम’ अशा दोन खुणा असतात. पैकी ‘थंड’ म्हणजे १६ ते ४९ अंश सेल्सिअस व ‘गरम’ म्हणजे ७१ ते ९३ अंश. ४९ अंशांच्या द्रवाला बोट लावणारा कोणीही मराठी माणूस त्याला थंड म्हणणार नाही. तो ‘गरम’ ठरवून वरच्या खुणेपर्यंत भरला, तर पुढे तापून फुगल्यावर पातळी मर्यादेबाहेर जाते. सूचनापत्रकाच्या अनुवादकाने येथे विशेषणे गाळून केवळ अंश द्यावेत.