फियाटच्या बॉनेटखाली कोणतं इंजिन?

जुनी फियाट घ्यायला गेलेला माणूस आधी रंग बघतो, मग पत्रा, मग सीटा, आणि बॉनेट सगळ्यात शेवटी उघडतो. पत्र्याची लबाडी लोहचुंबक फिरवला की कळते. पुट्टी भरलेल्या जागी तो चिकटत नाही. इंजिन इतक्या सहज पकडीत येत नाही. मुंबई-पुण्यातल्या कित्येक फियाटींनी टॅक्सीचे दिवस काढलेत, डिझेलची लाट पाहिलीय, सीएनजीची टाकी डिकीत वागवलीय. तयार 'हाफ इंजिन' आणून एका दिवसात बदलून देणारी गॅरेजं होती, आणि टॅक्सीवाल्याला बुडणाऱ्या दिवसाची काळजी असायची, नंबर जुळण्याची नव्हे. त्यामुळे घरी आणलेल्या गाडीत कारखान्यातून आलेलंच इंजिन असेल, असं गृहीत धरू नये. आधी आहे ते इंजिन कोणतं ते ओळखावं. पॉवर वाढवायची, गिअरबॉक्स बदलायचा, एसी लावायचा हे बेत त्यानंतरचे.

मूळ इंजिनाची कुळी मोठी आहे. 1937 साली इटलीत फियाटने 508 सी ही गाडी आणली. तिचं 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन दान्ते जाकोसा या अभियंत्याच्या हाताखाली घडलं. बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75. हीच मापं 1953च्या फियाट 1100-103मध्ये आली आणि वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आपल्या रस्त्यांवर उतरली. आपण जिला डुक्कर फियाट म्हणतो ती हीच. पुढे 1964च्या सुमारास 1100डी, 1972ला प्रेसिडेंट, 1974ला पद्मिनी. नावं बदलली, जाळी बदलली, दिवे बदलले. 68 बाय 75 तसंच राहिलं. पद्मिनीचं उत्पादन 2000च्या सुमारास थांबलं तेव्हा या मापाच्या इंजिनाला साठ वर्षं होऊन गेली होती. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023मध्ये वीस वर्षांची मुदत संपून निवृत्त झाली.

इथे एक खोच आहे. इटलीतल्या 1100डीचं इंजिन 1221 सीसीचं होतं. बोअर 72, स्ट्रोक तोच 75. परदेशी मॅन्युअल वाचून पार्ट मागवणारे नेमके इथे फसतात. पिस्टन येतात, दिसायला सुंदर असतात, आणि कुर्ल्याच्या 1089च्या ब्लॉकमध्ये जात नाहीत. मग कोणीतरी सुचवतं की चार मिलिमीटर बोअर मारून घ्या. तसं करू नये. बोअर मारताना ब्लॉकची भिंत पातळ होते, आणि चार मिलिमीटर म्हणजे प्रत्येक बाजूने दोन. भिंतीपलीकडे पाणी खेळतं आणि त्या बाजूने वर्षानुवर्षांचा गंजही तिला खात असतो.

ओळखीची सुरुवात कागदापासून करावी. आरसी बुकातला इंजिन नंबर आणि चेसिस नंबर घ्यायचा, ब्लॉकवर कोरलेला नंबर रॉकेलच्या फडक्याने पुसून वाचायचा, आणि त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्यायचा. गाडी नावावर करताना चेसिस नंबरचा असा छाप लागतोच. तेव्हाच इंजिनाचाही घेऊन ठेवावा. अक्षरं एका ओळीत आहेत का, ठसा सारख्या खोलीचा आहे का, आजूबाजूचा पृष्ठभाग ग्राइंडर फिरवल्यासारखा चकाकतोय का, हे फोटोपेक्षा छापावर लवकर कळतं. नंबर जुळत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवावा. 'होऊन जाईल साहेब, आरटीओत ओळख आहे' हे वाक्य ऐकू आलं तर दुसरी गाडी बघावी.

नंबर जुळला तरी आत काय झालंय ते तो सांगत नाही. त्यासाठी मोजमाप करावं लागतं. हेड उतरवलं असेल तर बोअर गेज घेऊन चारही सिलिंडर मोजायचे, तेही वर, मध्ये आणि खाली, कारण बोअर सगळीकडे सारखा झिजत नाही. 68.0 म्हणजे स्टँडर्ड. 68.4 किंवा 68.6 आलं तर आधी बोअर झालाय आणि पुढच्या बोअरला जागा थोडीच उरलीय. माप 73च्या आसपास आणि स्ट्रोक 70 निघाला, तर हे फियाटचं इंजिनच नाही. ते निसानचं ए12 आहे, 1171 सीसीचं, प्रीमियरनेच 1985 साली आणलेल्या 118एनईमधलं. बोअर 74 आणि स्ट्रोक 75.5 असेल, वर टायमिंग बेल्ट असेल आणि ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल, तर कोणीतरी एस्टीमचं 1298 सीसीचं इंजिन घातलंय. डिझेल असेल तर ते आवाजानेच ओळख देतं. पद्मिनीचं 137डी हे मॉडेल कंपनीनेच 1366 सीसीच्या इटालियन एफएनएम डिझेलवर काढलं होतं, त्यामुळे डिझेल दिसलं म्हणून लगेच नाक मुरडायचं कारण नाही. आरसीत इंधन काय लिहिलंय ते मात्र बघावं.

हेड न उघडताही बरंच कळतं. इंजिन गरम करून चारही प्लग काढायचे, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा आणि कॉम्प्रेशन गेज लावून सेल्फ मारायचा. एकच आकडा किती आला याहून चार आकड्यांत फरक किती हे महत्त्वाचं. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा पंधरा टक्क्यांहून खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून परत मोजायचं. आकडा चढला तर रिंगा गेल्यात, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. टॅक्सीतून आलेल्या गाडीत मॅनिफोल्डवर बुजवलेली भोकं आणि डिकीत टाकीच्या पट्ट्यांचे व्रण शोधावेत. सीएनजीवर वर्षं काढलेल्या इंजिनात व्हॉल्व्ह सीटा बसलेल्या असण्याचा संभव जास्त. गॅस कोरडा जळतो.

आता अपग्रेड. गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो तो 'ए12 टाका' हा. सल्ला वाईट नाही. फियाटच्या क्रँकला तीन मेन बेअरिंग, निसानच्या क्रँकला पाच. वरच्या आरपीएमला निसान शांत चालतं. पॉवर चाळिशीच्या आसपासवरून पन्नाशीपलीकडे जाते. पण इंजिनामागून त्याचा गिअरबॉक्स येतो, हँडल गिअर जाऊन फ्लोअर गिअर येतो, फ्लोअर कापावा लागतो, माउंटिंग नव्याने वेल्ड होतात, प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते. एस्टीमचं प्रकरण आणखी गुंत्याचं. त्या गाडीत हे इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. फियाटमध्ये ते उभं बसवून मागची चाकं फिरवायची तर जिप्सीसारख्या उभ्या इंजिनाच्या गाडीचा गिअरबॉक्स शोधावा लागतो. आणि हे सगळं करून थांबायला तेच चार ड्रम ब्रेक. ब्रेकला हात न लावता पॉवर वाढवणाऱ्या मेकॅनिकच्या गाडीत मी तरी बसणार नाही.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, 1988च्या कलम 52नुसार उत्पादकाने नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019मध्ये हे कलम कडकपणे वाचलं. इंजिन बदललं असेल तर त्याची नोंद व्हायलाच हवी. दुसरा नियम 2021चा. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' अक्षरांचा वेगळा विंटेज नंबर मिळू लागला. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. त्या नंबरवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, हेही लक्षात ठेवावं. पद्मिनी हे नाव लागलेल्या पहिल्या गाड्या 2024मध्ये पन्नाशीला पोचल्या. म्हणजे आज ए12 टाकून खूश झालेल्या माणसाने विंटेजचा दरवाजा स्वतःच लावून घेतलेला असू शकतो. काढलेलं मूळ इंजिन निदान भंगारात देऊ नये. ग्रीस लावून, भोकं बुजवून घरात ठेवावं.

माझा कल मूळ इंजिनच नीट बांधण्याकडे आहे. त्यात पॉवरची स्वप्नं पाहू नयेत: बोअर पूर्ण एक मिलिमीटर वाढवला तरी 1089चं 1122 होतं, तीन टक्के फक्त. फायदा दुसरीकडे मिळतो. क्रँक ग्राइंड करून योग्य बेअरिंग, चारही पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड तराजूवर सारख्या वजनाचे, क्रँक, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट एकत्र बॅलन्स करून घेतले, तर वेगात थरथरणारं इंजिन शांत होतं. लेथवाल्याला हे पैसे द्यायला लोक कां कू करतात आणि क्रोमच्या बंपरवर दुप्पट घालवतात. ब्लॉक उघडलाच आहे तर वेल्च प्लग काढून पाण्याच्या वाटांतला गाळ खरवडून घ्यावा. हेड ॲल्युमिनियमचं आहे. एकदा पाणी उकळलं की वाकतं, आणि वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलेलं असलं की आतून कुरतडलेलं निघतं. कूलंट घालावा, रेडिएटरची कोअर नवी करावी, इलेक्ट्रिक फॅन लावावा. जुन्या गाडीत डायनॅमो असेल तर आधी अल्टरनेटर, मगच तो फॅन. डेल्कोतला सीबी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवता येतं. बाहेरून काही दिसत नाही, जुने पॉइंट डब्यात जपले की परतही लावता येतात.

आणि पेट्रोल. फेब्रुवारी 2000पासून देशात शिसंविरहित पेट्रोलच मिळतं. शिसं व्हॉल्व्ह सीटांना झिजू देत नसे. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये सीटा वेगळ्या ठोकलेल्याच असतात, त्यामुळे फियाटवाल्याचं काम सोपं: हेड उघडलं की कठीण धातूच्या सीटा घालाव्यात. ॲम्बॅसेडरच्या 1489 सीसी इंजिनाचं हेड बिडाचं, तिथे सीट हेडमध्येच कापलेली. ती आधी मोठी करून मग रिंग ठोकावी लागते. आताचा प्रश्न वीस टक्के इथेनॉलचा. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं, प्लगची टोकं पांढरी पडतात. मेन जेट एक पायरी मोठा घ्यावा आणि प्लगचा रंग पुन्हा बघावा. पेट्रोल पंपातला पडदा आणि सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घ्यावेत. जुना पाइप फुगतो, आतून सुटतो आणि त्याचे काळे कण थेट कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसतात. टाकीत महिनोन् महिने पेट्रोल साठवून ठेवू नये, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोट चेंबर दोन्ही रिकामे करावेत, आणि पेट्रोल काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी.