चार वाजताची भूक

दुपारी दीडला पोटभर जेवण झालेलं असतं. तरी चार वाजले, शेजारी कुणी चहाचा कप उचलला, की पोटात काहीतरी व्हायला लागतं आणि फरसाणाचा डबा उघडला जातो. या भुकेला खोटी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. ती शरीरातच तयार होते. फक्त तिचं म्हणणं 'अन्न संपलं' असं नसतं, 'वेळ झाली' असं असतं.

जपानमध्ये मासायासु कोजिमा आणि केन्जी कांगावा यांनी 1999 साली घ्रेलिन हे संप्रेरक शोधलं. ते मुख्यतः जठरातून पाझरतं, मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत भुकेचा निरोप नेतं आणि जेवल्यावर उतरतं. पण घ्रेलिन घड्याळही पाळतं. रोज ज्या वेळी आपण खातो, त्याच्या थोडं आधी ते चढायला लागतं. त्या वेळी काहीच खाल्लं नाही, तर काही वेळाने ते आपोआप उतरतं. कडक उपवास करणाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक असतं. जेवणाच्या वेळेला जीव कासावीस होतो, वेळ टळली की भूक मरते आणि रात्रीच्या जेवणाच्या सुमाराला पुन्हा जागी होते.

म्हणून चार वाजता आधी हे बघावं, की शेवटचं खाऊन किती वेळ झाला. पोळी-भाजी, वरण-भाताचं जेवण जठरातून पुढे सरकायला साधारण 3 ते 4 तास लागतात. दीडचं जेवण अजून पुरतं सरलेलं नसेल, तर पाणी प्यावं आणि अर्धा तास जाऊ द्यावा. त्यानंतर स्वतःला विचारावं, की आत्ता समोर नुसती भाकरी आणि पिठलं आलं तर चालेल का? माझा सगळ्यात जास्त भरवसा या प्रश्नावर आहे. पोट खरंच रिकामं असेल तर भाकरीचं नाव काढताच बरं वाटतं. 'भाकरी नको, चिवडाच हवा' असं मन म्हणालं, तर ती ओढ चवीची. ती अचानक येते आणि वासाने, कंटाळ्याने किंवा अपुऱ्या झोपेनेही जागी होते. शिकागो विद्यापीठातल्या 2004 सालच्या एका प्रयोगात निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त 4-4 तास झोपू दिलं. त्यांचं घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढलं, तृप्तीशी निगडित लेप्टिन 18 टक्क्यांनी घटलं.

पोटातल्या गुरगुरण्यावर मात्र फार विसंबू नये. 1912 साली अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांच्या प्रयोगशाळेत वॉशबर्न यांनी स्वतः फुगा गिळून जठराची आकुंचनं मोजली. भुकेची कळ आणि आकुंचन एकाच वेळी येतात असं दिसलं, आणि जठराचं आकुंचन म्हणजेच भूक असं बरीच वर्षं मानलं गेलं. पण जठर काढून टाकलेल्या रुग्णांनाही भूक लागते. शिवाय रिकाम्या आतड्यातून दर दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक लाट जाते आणि उरलंसुरलं पुढे ढकलते. गुरगुर ऐकू येते ती पुष्कळदा या साफसफाईची.

भूक ओळखली तरी अर्धंच काम होतं, कारण तृप्ती उशिरा पोचते. जठर ताणलं की व्हेगस नावाचा मज्जातंतू मेंदूला कळवतो. स्निग्ध आणि प्रथिनयुक्त अन्न लहान आतड्यात उतरलं की तिथून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटतं आणि हात आवरायला सांगतं. हे सगळं नीट जाणवेपर्यंत 15-20 मिनिटं जातात. ताट सात-आठ मिनिटांत संपवणाऱ्याच्या पोटात दुसरी वाढ आधी पोचते, निरोप मागून.

आपल्या ताटात थांबायची एक जागा आयतीच आहे. पोळ्या संपल्या आणि भात यायचा आहे, ती. तिथे दोन-चार मिनिटं बोलत बसावं आणि घास पहिल्याइतका गोड लागतोय का ते बघावं. पोट जड होण्याच्या कितीतरी आधी चव उतरायला लागते, आणि ही खूण सहसा चुकत नाही. अष्टांगहृदयात वाग्भटांनी पोटाचे दोन भाग अन्नाला, एक द्रवाला द्यावा आणि एक मोकळा ठेवावा असं सांगितलं आहे. तो चौथा भाग मापून काढता येत नाही. चव उतरताना थांबलं तर मात्र तो बराचसा राखला जातो.

ही खूण लग्नाच्या जेवणात फसते. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं, की जो पदार्थ खाऊन झाला त्याचीच चव जास्त उतरते, न खाल्लेल्याची फारशी नाही. मसालेभाताला नको म्हणणारा माणूस जिलबीला हो म्हणतो तो यामुळेच. म्हणून गोड सुरुवातीलाच ताटात घ्यावं आणि तेवढंच खावं. आणि वाढणाऱ्याने, मग पाहुणा कितीही जवळचा असो, एकदा विचारून पुढे जावं. पाहुण्याचं 'पुरे' हे त्याच्या पोटाला कळलेलं असतं, आपल्याला नाही.

टीव्हीसमोर जेवू नये, यालाही आधार आहे. 1998 साली पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी स्मृती गमावलेल्या दोन रुग्णांना जेवणानंतर 10 ते 30 मिनिटांत पुन्हा ताट दिलं, आणि ते पुन्हा जेवले. जेवल्याची आठवणही तृप्तीचा भाग असते. लक्ष पडद्यावर असेल तर ती आठवण पुसट उमटते.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र यातलं अर्धा तास थांबणं करू नये. भुकेबरोबर घाम, थरथर किंवा गोंधळल्यासारखं वाटत असेल तर रक्तातली साखर घसरलेली असू शकते. अशा वेळी लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, 15 मिनिटांनी साखर तपासावी आणि डॉक्टरांच्या कानावर घालावं.