पडदा आणि आजी

सेवाग्रामच्या आश्रमात परवा जुन्या टेलिफोनसमोर उभा होतो. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावं, म्हणून तो बसवला गेला होता. शेजारी एक आजी आणि तिचं बोट धरलेला नातू. पोरानं विचारलं, "आजी, याच्यावर बोलता येते का वो?"

"आता नाही येत, बाबू. तवा येत होतं. पार दिल्लीसंग!" आजी सांगत गेली, पोरगं ऐकत राहिलं.

मी मात्र अस्वस्थ झालो. हेच सांगायचं काम यंत्राकडून करवून घेणं हा माझा व्यवसाय. बोट लावताच बोलू लागणारे पडदे मी पर्यटक केंद्रांत बसवतो. याच जिल्ह्यातल्या एका केंद्राचा आराखडा मनात घेऊन इथं आलो होतो.

माझं पहिलं काम असंच विदर्भातलं. चकचकीत पडदे, चित्रफिती, नकाशे. उद्घाटनाला टाळ्या पडल्या. सहा महिन्यांनी गेलो, तर पडद्यावर चादर टाकलेली. उन्हाळा, धूळ आणि जाणारी वीज यांचा विचार मी केलाच नव्हता. चालू असताना तरी काय होई? मुलं सगळी बटणं दाबत आणि पुढं पळत. वाचत कुणीच नसे. चूक माझीच होती.

याउलट दिल्लीच्या गांधी स्मृतीत २००५ साली उघडलेलं 'इटर्नल गांधी' हे दालन पाहावं. रणजित मक्कुनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं संगणक चरख्यासारख्या वस्तूंच्या आड दडवला. हात ओळखीच्या वस्तूवर जातो आणि माहिती मागाहून येते.

वर्ध्याला हे नवं नाही. गांधीजी १९३६ साली शेगावात राहायला आले, तेव्हा माती, बांबू अशा जवळपासच्याच साहित्यातून कुट्या उभ्या राहिल्या. १९३८ साली वर्ध्यात त्यांच्याच हस्ते मगन संग्रहालयाचं उद्घाटन झालं. ग्रामोद्योग लोकांनी डोळ्यांनी पाहावेत, हाच त्यामागचा हेतू. बापू कुटीत तर सांगणारं कुणी नसतानाही सारवलेली जमीन आणि मीराबेननी भिंतीवर मातीतून उठवलेली झाडं पुष्कळ सांगून जातात. अशा जागी पडदा लावणं म्हणजे देवघरात रेडिओ लावण्यासारखंच.

मग माझ्या आराखड्यात काय उरलं? मोठे पडदे खोडले. केंद्राच्या ओसरीवर एक साधा टेलिफोन ठेवायचा. रिसीव्हर उचलला की एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या आवाजात, वऱ्हाडी बोलीत, दोन मिनिटांची गोष्ट ऐकू यावी. लहानशा बॅटरीवर चालेल, वीज गेली तरी अडणार नाही. आणि ठेवायचा तो दोघांना बसता येईल अशा बाकाजवळ.

कंत्राटाची रक्कम यानं बरीच घटेल. पण पोरानं आधी प्रश्न विचारावा आणि उत्तर द्यायला शेजारी आजी असावी, एवढी जागा तरी यंत्रानं सोडायलाच हवी.